धाकट्याचं माप

ता. ६ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनच करणार होते, पण काकू म्हणाली की तुम्ही फोनवरचं निम्मं ऐकत नाही आणि उरलेल्या निम्म्यावर विश्वास ठेवत नाही. तेव्हा कागदावर लिहून, सही करून कळवते.

यंदाचे खेळ आपल्याच शहरात आहेत हे तुम्हाला माहीत आहे. दोन एप्रिलला उद्घाटन. सगळ्या देशांचे संघ मैदानात फेरी मारतात आणि प्रत्येक संघाच्या पुढे एक जण झेंडा घेऊन चालतो. काका, आपल्या संघाच्या पुढे मी चालणार आहे. आम्ही एकशे चाळीस खेळाडूंनी मतांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि सरांनी माझं नाव दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा माझा स्वतःचाच विश्वास बसला नाही. वीस किलोमीटर चालण्याच्या माझ्या शर्यतीला लोक अजून हसतात. त्यांच्या मते ते चालणं नसून कमरेचं दुखणं आहे. आता त्याच चालण्यावर झेंडा.

माझ्या खालोखाल मतं पडली नौकांच्या शर्यतीतल्या वल्हेवालीला. ती राखीव आहे. अठरा मार्चला मैदानात तालीम आहे, पूर्ण फेरीची. काठी दहा फुटांची, आणि कापडाने वारा धरला की ते माणसाला ओढून नेतं. काठीचं बूड ज्यात टेकवायचं ती कातड्याची वाटी, आणि ती वाटी ज्याला लावलेली असते तो खांद्यावरून कमरेकडे येणारा पट्टा, हे ज्याचं त्याने आणायचं. तालमीत काठी कलली किंवा पट्टा नीट बसला नाही तर झेंडा राखीवाकडे जाणार, असं पत्रात स्पष्ट लिहिलंय. पट्टा बाबा करणार. ते कालच कातडं बघून आले.

तुम्हालाही एकदा झेंडा धरायला निवडलं होतं ना? घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही. बाबांना विचारलं तर त्यांनी दोरा दातांत धरला आणि तो तोडायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ घेतला.

समारंभाला तुम्ही आणि काकू यायलाच हवं. आणि या वेळी चपला काढून आत या. आठवतंय तेव्हापासून तुम्ही आमच्या घराशी उंबऱ्याबाहेरूनच बोलता.

माया आहे हे ठाऊक आहे, ती जरा दिसू द्या.

तुमची,
मुंगी

---

ता. ११ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पाकिटाची एक कड उचललेली होती. पोस्टात जाऊन विचारलं, तिथला माणूस म्हणाला डिंक कमी पडला असेल. असेलही.

वर्कशॉपमधलं वेल्डिंग बंद करवून सगळ्यांना तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. एक फाटक आज द्यायचं होतं ते उद्यावर गेलं. गिऱ्हाईक कुरकुरलं तर त्यालाही वाचून दाखवलं. मी फार खूश आहे, हे आधी लिहा असं तुझी काकू म्हणाली, म्हणून आधी लिहिलं.

आता कामाचं. चिठ्ठ्या कुणी मोजल्या? मोजल्यावर त्या कुठे गेल्या? सरांनी नाव दोनदा वाचलं ते तुझ्यासाठी की दुसऱ्या कुणाला खूण म्हणून? वल्हेवालीने तुझं अभिनंदन केलं तेव्हा ती तुझ्याकडे बघत होती की दाराकडे? हसू नकोस. मीही तुझ्यासारखाच हसत होतो.

एकतीस वर्षं झाली. मी हातोडाफेकीत होतो, अठ्ठावीस वर्षांचा, एकशे दहा किलोंचा. मला निवडलं. पट्टा दादाने केला, म्हणजे तुझ्या बाबांनी. तालमीच्या सकाळी गुंडाळलेला कागद सोडून पट्टा अंगावर घातला तर तो आखूड. जी वाटी कमरेला यायला हवी ती बरगड्यांखाली. काठी इतकी वर गेली की मैदानात शिरताना फाटकाच्या कमानीला टोक आपटलं. सगळे हसले. मी म्हटलं नुसत्या हातांनी धरतो, पण संघाच्या सचिवांनी ऐकलं नाही. संघात एक तलवारबाज होता, शिडशिडीत, बुटका. पट्टा त्याला दिला आणि त्याला तो बसला. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत त्याचा फोटो.

माझ्या नावाने शिवलेला पट्टा, ज्याला मी दोनदा भेटलो होतो त्या माणसाला बसतो. तलवारबाजाचे वडील शाळांना दप्तरं पुरवायचे. त्याच महिन्यात दादाला दप्तरं शिवायचं कायमचं काम मिळालं. दोन आणि दोन मला जमतात, मुंगे. मी घराखालच्या कातड्याच्या कारखान्यात जाऊन दादाला एकदाच विचारलं की पट्टा आखूड का. तो खाली बघून म्हणाला, चुकलं. ज्या माणसाचा हात कातड्यावर कधी सूतभर हलला नाही त्याचा नेमका त्याच दिवशी चुकला. मी बोलायचं ते बोललो आणि निघालो. उंबऱ्याबाहेरून का बोलतो ते आता तुला कळलं.

तुझा यात दोष नाही. पण तुझं माप तुझ्या डोळ्यांसमोर टेपने घ्यायला लाव. पट्टा पंधरा तारखेच्या आत हातात घे, घालून बघ, आणि आज देतो उद्या देतो ऐकून घेऊ नकोस. त्या वल्हेवालीवर लक्ष ठेव.

काकू म्हणते मी तुझे कान फुंकतोय. माझेही तिला आशीर्वाद सांगा म्हणाली. तिच्या वतीने सांगितले.

तुझ्यावरची माया कमी-जास्त होत नाही, काळजी मात्र होते.

तुझा,
काका

---

ता. २५ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा हसू आलं. तिसऱ्यांदा वाचत होते तेव्हा माझं लक्ष पत्राकडे नव्हतंच, मी दारातून बाबांच्या पाठीकडे बघत होते. एवढं तुम्ही करून ठेवलंत.

बाबांनी माझं माप घेतलेलं नाही. मी स्वतः टेप घेऊन गेले तर म्हणाले, गिऱ्हाइकाचं माप टेपने, घरच्यांचं डोळ्यांनी. आईला सांगितलं तर ती हसली. तिच्या पिशवीचा पट्टाही ते असाच अंदाजाने कापतात आणि ती तो गाठ मारून वापरते म्हणे. तिला हसू येतं. मला आता येत नाही.

मी कारखान्यात गेले की ते काम फडक्याने झाकतात. पूर्वी ते मला मेण लावलेला दोरा धरायला लावायचे. गेल्या सोमवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून कुठेतरी गेले. आल्यावर म्हणाले, दोरा आणायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सरावाला गेले तर फाटकावरचा रखवालदार म्हणाला, काल तुमचे वडील सचिवांच्या ऑफिसात अर्धा तास होते. त्याला वाटलं मला माहीत आहे. मी मान हलवली, कारण दुसरं काय करणार.

आणि परवा वल्हेवालीचे सर कारखान्यात बसले होते. तिच्या बॅगेची चेन तुटली म्हणून. बाबा त्यांच्याशी हसून बोलत होते. चेन खरंच तुटलेली होती, मी पाहिली. पण मी ती पाहिली, हेच मला आवडलं नाही. वडिलांच्या टेबलावरची चेन तुटलेली आहे की तोडलेली, हे बघायला मी वाकले होते.

काल सरावात पंचांनी मला गुडघा वाकतोय म्हणून दोनदा इशारा दिला. तीन झाले की शर्यतीतून बाहेर काढतात. सर म्हणाले, लक्ष कुठे आहे. मी सांगितलं, मैदानावर आहे. खोटं बोलले.

मला खरं काय ते एकदाचं कळू दे. तुमच्याकडे काही पुरावा असेल तर तो द्या, आणि नसेल तर तुमची शंका परत घ्या. नुसती शंका माझ्याकडे राहिली तर मला चालता येणार नाही.

रागावले आहे, पण तुमचीच आहे.

मुंगी

---

ता. २ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

पुरावा मागितलास, सोबतच्या पार्सलात आहे. सुतळीला मी सात गाठी मारल्या आहेत. सहा निघाल्या तर कळव.

हा तो पट्टा. समारंभानंतर तलवारबाज स्वतः घरी येऊन देऊन गेला. म्हणाला, हा तुमचा आहे. मी त्याला बसही म्हटलं नाही. पट्टा ट्रंकेत टाकला, तो आजवर तिथेच होता. कातडं कडक झालंय, पण शिवण बघ, एक टाका सैल नाही. असं काम करणारा माणूस मापात चुकतो का, याचा विचार तू कर.

तू टेपने मोज. मग कुणा बुटक्या, शिडशिडीत माणसाच्या अंगावर घालून बघ. तो दुसऱ्याच्या मापाचा आहे हे तुला कळेल, आणि दुसरा कोण हेही.

सचिवांच्या ऑफिसात दादा अर्धा तास काय करत होता, हे मला तुझ्याइतकंच कळत नाही. पण दोरा तिथे मिळत नाही. दादाला पार्सल दाखवू नकोस.

काकूने पार्सलात लोकरीचे मोजे ठेवले आहेत. ती म्हणाली की असलं पार्सल एकटं जाऊ नये.

आपली माणसं कितीही जवळची असली तरी आपलं माप आपण मोजावं. एवढं ऐक आणि सुखी राहा.

काका

---

ता. १३ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

सात गाठी निघाल्या. पार्सल बुटांच्या खोक्यात घालून पलंगाखाली ठेवलंय, अजून उघडून नीट पाहिलं नाही. हात लावला की चोरी केल्यासारखं वाटतं.

बाबांनी पट्टा अजून दाखवलेला नाही. मागितला तर म्हणाले तेल मुरतंय, सतराला देतो. तालीम अठराला. तुम्ही म्हणाल सांगितलं नव्हतं का. सांगितलं होतं.

मोजे छान आहेत, काकूला सांगा.

मुंगी

---

ता. १९ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाचा. काकू जवळ असेल तर तिलाही बसवा.

सतराच्या संध्याकाळी बाबांनी मला कारखान्यात बोलावलं. टेबल स्वच्छ पुसलेलं, वर फडकं. आई दारात उभी. त्यांनी फडकं काढलं. काका, मी इतका देखणा पट्टा पाहिलेला नाही. कडा घासून काचेसारख्या केलेल्या, वाटीला आतून मऊ अस्तर, पितळी बक्कल. मी डोक्यावरून घातला. वाटी माझ्या छातीखाली आली.

 वाटलं, काका म्हणाले तेच हे. मी बाबांचा चेहरा बघत होते, म्हणजे पकडायला बघत होते, खरं सांगते. आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त माझ्यासमोर उतरलं. त्यांनी बक्कल शेवटच्या भोकापर्यंत सैल केलं. वाटी तरी चार बोटं वरच. मग ते स्टुलावर बसले आणि आईला म्हणाले, पुन्हा तेच झालं.

मी विचारलं, पुन्हा म्हणजे काय.  आई आत गेली आणि भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेले कागद काढून तिने माझ्यासमोर टाकले. तुम्हाला तो खिळा आठवत असेल. ज्या आकारात कातडं कापायचं तो आकार आधी जाड कागदाचा कापून ठेवतात, तसले ते कागद. गिऱ्हाइकांचे दुसऱ्या खिळ्यावर आहेत, दर वर्षी नवे. या खिळ्यावर घरचे, आणि ते कधी बदललेले नाहीत. माझ्या कागदावर बाबांच्या अक्षरात लिहिलंय, मुंगी, दप्तर, वय तेरा. झेंड्याचा पट्टा त्यांनी त्यावरून कापला होता. मी रोज समोर वावरते आहे, त्यांच्यापेक्षा चार बोटं उंच आहे, पण ते कागदाकडे बघत होते.

त्या कागदाच्या खाली आणखी एक होता, पिवळा पडलेला, कडा तुटलेल्या. त्यावर लिहिलंय, धाकटा, खांद्याची पिशवी, वय सतरा.

मी वर धावले आणि खोकं घेऊन आले. दाखवू नकोस म्हणाला होतात, पण मी दाखवला. बाबांनी पट्टा हातात घेतला, उलटा करून आतली शिवण पाहिली आणि लगेच ओळखला. मी तो पिवळ्या कागदावर पसरला. वाकण, रुंदी, लांबी, सगळं तंतोतंत. तुमचा पट्टा तलवारबाजाच्या मापाचा नव्हता. तो तुमच्याच मापाचा होता, सतराव्या वर्षीच्या तुमच्या.

आणि अजून एक. त्या पट्ट्याला बाबांनी पाडलेली पाच भोकं आहेत, गोल, सारख्या अंतरावर. त्यांच्या पलीकडे एक सहावं आहे, वेडंवाकडं, खिळ्याने पाडल्यासारखं. बाबांनी बघून सांगितलं की ते त्यांचं नाही. म्हणजे तलवारबाजाला पट्टा सैल होत होता, त्याने तिथेच मैदानात भोक पाडून घेतलं. ज्याच्यासाठी मुद्दाम शिवला त्याला तो सैल कसा झाला असता? मला पुरावा पाठवलात, काका, आणि तो उलटाच निघाला.

नवा पट्टा शिवायला वेळ नव्हता. तुकडा जोडता आला असता, पण जोडावर काठीचा भार टिकणार नाही, असं बाबा म्हणाले. मग आईने तुमचा पट्टा उचलून माझ्या डोक्यावरून घातला. तिसऱ्या भोकाला बसला. वाटी जिथे हवी तिथे. बाबांनी तो काढून घेतला, तासभर तेल चोळून मऊ केला, वाटीची शिवण पुन्हा पक्की केली. त्या वेळात मी मेण लावलेला दोरा धरून उभी होते.

तुम्हाला विचारायला हवं होतं, पण तुमची परवानगी यायला सहा दिवस लागले असते. काल तो बांधून मी पूर्ण फेरी मारली. वारा होता. काठी कलली नाही. फाटकाच्या कमानीखालून जाताना मी श्वास रोखला, टोक वीतभर खालून गेलं. वल्हेवालीने पाठीवर थाप मारली, आणि हो, ती माझ्याकडेच बघत होती.

मी बाबांची माफी मागितली नाही अजून. त्यांना माहीतच नाही की मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. हे तुम्हालाच सांगते आहे, कारण तुम्हाला ते काय असतं ते कळेल.

या. एवढंच मागते.

तुमची,
मुंगी

---

ता. २० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मुंगीने तुला सगळं लिहिलं असं तिची आई म्हणाली. मला लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. तरी लिहितो.

तू येऊन विचारलंस की पट्टा आखूड का, तेव्हा मला खरंच कळलेलं नव्हतं. तू गेल्यावर खिळ्यावरचा कागद काढला आणि त्यावर वय सतरा वाचलं. तू तेव्हा अठ्ठावीसचा होतास. अकरा वर्षं तू माझ्यासमोर जेवायला बसलास, दारातून वाकून आत यायला लागलास, आणि मी कातडं कापताना कागद बघितला. धावत येऊन सांगितलं असतं, पण जाताना तू जे बोललास ते सगळ्या गल्लीने ऐकलं होतं, आणि मलाही राग होता. म्हटलं निवळेल तुझा, मग सांगू.

तेवढ्यात दप्तरांचं काम आलं. तलवारबाजाच्या वडिलांनी मुलाच्या अंगावरच्या पट्ट्याची शिवण पाहिली आणि शोधत आले. मी काही मागितलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नाही. मुंगी व्हायची होती. तुझं गेलं त्यातून माझं आलं, हे तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? मग एक वर्ष गेलं, मग दहा. मला वाटायचं, तू मला लबाड समजतोस ते एका परीने बरंच आहे. लबाड भावावर रागावता येतं. ज्याला तू मोठा झालेला दिसलाच नाहीस अशा भावाचं तू काय करणार?

सचिवांकडे गेलो होतो ते पासासाठी. मुलीला घरच्यांसाठी दोन मिळतात. एकावर तिच्या आईचं नाव आहे, दुसऱ्यावरचं माझं खोडून तुझं घालून घेतलं. अर्धा तास गेला कारण साहेब जेवत होते. पोरीला आधी सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं, म्हणून दोऱ्याचं नाव केलं. पास सोबत आहे.

तू बस. तुझी तिथे एकदा जागा होती.

रागात असलास तरी ये.

दादा

---

ता. २५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अक्षर तुझंच आहे का ते आपल्या जुन्या शाळेच्या वहीशी ताडून पाहिलं. काकूने, म्हणजे मुंगीच्या काकूने, ती वही माझ्या हातातून काढून घेतली आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. आज बोलली. म्हणाली, आता तरी खरं लिहा. म्हणून लिहितो.

ते सहावं भोक मुंगीने शोधलं असं तिला वाटतं. तिला तसंच वाटू दे. मला ते कधीच दिसलं होतं, दादा. पट्टा घरी आल्यावर सहा-सात वर्षांनी ट्रंक आवरताना दिसलं. तुझ्या हातचं नाही हे मला कळणार नाही का? मी तुझ्याशेजारी बसून भोकं पाडायला शिकलो. बोट त्यावर ठेवलं, उचललं, आणि ट्रंक बंद केली. त्या भोकाचा अर्थ लावला असता तर तुझ्याकडे यावं लागलं असतं, आणि गल्लीत ओरडून जे बोललो ते गल्लीत येऊन परत घ्यावं लागलं असतं. त्यापेक्षा सगळ्या जगावर संशय घेणं सोपं गेलं. एकट्या तुझ्यावर घेतला असता तर कुणीतरी विचारलं असतं, म्हणून पोस्टवाल्यापासून चिठ्ठ्यांपर्यंत कुणालाच सोडलं नाही. मग पट्टा मुंगीकडे का पाठवला, ते मला विचारू नकोस. मलाही नीट सांगता येत नाही.

पोरीच्या डोक्यात मी काय भरवलं, ते तिने तुला सांगितलं नाही. मी सांगतो. ती महिनाभर तुझ्या पाठीकडे बघत होती ते माझ्यामुळे. तिला काही बोलू नकोस, मला बोल.

मी तीसला येतोय. पास परत आणतो आहे, कारण तो मला नको. दोन्ही पास बायकांना देऊ, त्यांनी आत बसून बघावं. तू आणि मी फाटकाबाहेर उभे राहू. संघ तिथूनच आत जातो. कमानीखालून ती काठी घेऊन जाताना मला बाजूने बघायचंय. वीतभर खालून गेलं म्हणते, पण मुंगीची वीत केवढी असते ते मला माहीत आहे.

पट्ट्याचं काय करायचं ते तिला ठरवू दे. कागद मात्र खिळ्यावरून काढू नकोस. ज्या पोराचा तो आहे त्याला मीही बरीच वर्षं पाहिलेलं नाही.

टेप काढून ठेव. आलो की आधी माप घे, चहा नंतर. एकशे दहा किलो आता राहिलेले नाहीत, आणि अंदाजाने काही करायला जाशील तर पुन्हा चुकशील. चपला काढून आत येईन, बाहेर कुणी नेणार नाही ना, एवढं बघ.

मोठ्या मनाने लोभ करत आलास, या वेळी टेप लावून कर.

तुझा,
धाकटा
वय एकोणसाठ